बाजाराआधीची शपथ

(नारायणगावजवळच्या एका मळ्यातली ओसरी. रविवार, दुपारचे तीन.)

प्रयागबाई : चहा घ्या आधी, मग काय ते बोला. आन त्या घंगाळाला हात लावू नका.

धर्माजी : चेपलंय म्हणून बघत होतो, आक्का. अस्सल पितळ आहे. मंचरला गॅरेजात मी तीस वर्षं पत्रा ठोकलाय. पाच मिनिटांत सरळ करून देतो.

प्रयागबाई : ऱ्हाऊ द्या चेपलेलं. तुमी माझ्या लेकाला सरळ करायला निघालाय, तेवढं करा. भांड्याकुंड्याचं मी बघते.

धर्माजी : त्याच्याबद्दलच आलोय. अमृत तीन रविवार झाले दारू सोडणाऱ्यांच्या गटात, मीटिंगला आला नाही. फोनही उचलत नाही.

प्रयागबाई : आला न्हाई? अवो, दर रविवारी चार वाजता गाडी काढतोय की! "आई, गटात जातो," म्हणतोय. सातला माघारी.

धर्माजी : गटात नाही आला.

प्रयागबाई : मग जातोय कुठं ह्यो? पिऊन तर येत न्हाई. मी रोज तोंड हुंगते त्याचं. वासराचं हुंगावं तसं. त्याला राग येतो, पण हुंगते.

धर्माजी : नाही प्यायला, हे बरं झालं. पण उद्या बेल्ह्याचा बाजार आहे ना? कालवड विकायला तो जाणार, असं ऐकलं. म्हणून राहवलं नाही.

प्रयागबाई : मला तरी कुठं राहवतंय? गेल्या साली ह्याच बाजारात परत प्याला त्यो. म्हणून आज तयारी करून ठेवलीय. ते बघा, देवळीत ताट. बेल हाय, भंडारा हाय. आज रविवार, खंडोबाचा वार. तुमी आलाच हायसा तर साक्षीला बसा. तुमच्यासमोर बेलभंडार उचलून न प्यायची शपथ घील, मग उद्या जाऊ दे.

धर्माजी : गेल्या वर्षीपण उचलला होता म्हणे.

प्रयागबाई : उचलला व्हता. साक्षीला कुणी नव्हतं, म्हणून मोडला.

धर्माजी : आक्का, तो यायचा का थांबला, ते आधी त्याच्या तोंडून ऐका.

प्रयागबाई : तुमीच सांगा की. काय झालं तिथं? कोण काय बोललं?

धर्माजी : ते मला सांगता येत नाही. तिथलं बोलणं तिथंच राहतं. नियम आहे आमचा.

प्रयागबाई : बरा हाय नियम! घरातलं तिथं जाऊन वकायचं, आन तिथलं घरात सांगायचं न्हाई. ...ए अमृत! ती कालवड धुतोयस का नवरी न्हाऊ घालतोयस? हिकडं ये. पावणं आल्याती.

अमृत : आलो. ...तात्या, तुम्ही कशाला एवढ्या उन्हाचं आलात?

धर्माजी : फोन उचलला असतास तर नसतो आलो.

प्रयागबाई : रविवारचा कुठं जातोस तू?

अमृत : कालव्यावर बसतो.

प्रयागबाई : तीन तास?

अमृत : मासं बघतो. तिथं कुणी काय विचारत नाय.

प्रयागबाई : आन गटात काय सुया टोचत्यात का तुला?

अमृत : सांगू, तात्या? का नियम मोडतोय?

धर्माजी : स्वतःचं सांगायला नियम आड येत नाही.

अमृत : मीटिंग संपली की सगळी हात धरून उभी राहत्यात. प्रार्थना म्हणत्यात, देवाच्या नावानं. मी उभा राहतो, पण म्हणत नाय. चार आठवड्यांमागं एकजण म्हणाला, "देवाच्या पायाशी गेल्याबिगर कुणी सुटत नाय. ह्याचं तोंड मिटलेलं असतंय, ते बाटलीलाच उघडणार." सगळी हसली. मी उठून आलो.

धर्माजी : सगळे नाही हसले.

अमृत : तुम्ही खाली बघत होता.

धर्माजी : हो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं मी. नंतर बोललो त्याला. तू निघून गेल्यावर बोलून काय उपयोग?

प्रयागबाई : थांबा, थांबा. हात का न्हाई जोडलंस तू? तोंड का मिटून ऱ्हायलास?

अमृत : मी देव मानत नाय, आई.

प्रयागबाई : कधीपास्नं?

अमृत : झालं वरीस.

प्रयागबाई : माझ्या घरात खाऊन, माझ्या देव्हाऱ्याम्होरं झोपून? तुझ्या बानं मरताना खंडोबाची तळी भरली रं! आन तू देव मानत न्हाईस? ऐकलं का पावणं? असल्या गटात धाडलं मी लेकाला, दारू सुटायच्या आधी देवच सुटला.

धर्माजी : गटानं नाही सोडवला. मी स्वतः दर सोमवती अमावस्येला जेजुरीला जातो, आक्का. तेरा वर्षं झाली मला दारू सोडून.

प्रयागबाई : मग सांगा ह्याला. तुमाला देवानंच सोडवलं का न्हाई?

धर्माजी : मी तसंच म्हणतो. पण पहिल्या वर्षी मला ज्यानं धरून ठेवलं, तो देव मानत नव्हता. शाळामास्तर होता. प्रार्थनेला उभा राहायचा, तोंड गच्च मिटून. मीच चिडून विचारलं त्याला, "मास्तर, आम्ही देवाच्या हाती दिलं स्वतःला. तुम्ही कुणाच्या हाती दिलंय?" तर म्हणाला, "तुझ्या. तू मला रोज सकाळी सातला फोन करतोस ना? तो यायचा म्हणून मी शुद्धीत असतो." मी तर समजत होतो, मी फोन करतो तो माझ्यासाठी.

प्रयागबाई : त्यो मास्तर पुढं प्याला आसंल.

धर्माजी : नाही प्याला. म्हातारपणानं गेला. शेवटचा फोनही सातलाच होता.

प्रयागबाई : ...चहा निवला तुमचा. प्या.

अमृत : तात्या, मला मास्तरासारखं शांत उभं राहता येत नाय. देवाचं नाव घेतलं की मला तिथनं उठून जावंसं वाटतं.

धर्माजी : मग प्रार्थनेच्या वेळी चहा टाकायला जा. कुणीतरी टाकायलाच लागतो. आज मी पहिल्यांदा उठून सगळ्यांना सांगतो, की ज्याला म्हणायचं नाही त्यानं म्हणू नये, आणि दुसऱ्यानं त्याच्या तोंडाकडं बघू नये. पण तू ये. एक्याऐंशी दिवस झालेत तुझे.

प्रयागबाई : एक्याऐंशी? तुमी मोजताय?

धर्माजी : तोच मोजायचा, मला नुसतं सांगायचा. येईनासा झाला तेव्हापासून मी मोजतो.

प्रयागबाई : आन बेलभंडारावर कितीक टिकला व्हतास रं?

अमृत : अकरा.

प्रयागबाई : त्यात मनच नव्हतं तुझं. ह्या वेळेला मनापास्नं उचल. ...हे घे ताट. आज गटात जा, कालव्यावर जा, न्हाईतर चंद्रावर जा. पण बेल्ह्याला जायाच्या आधी हे उचल.

अमृत : नको, आई.

प्रयागबाई : का नको? हात झडत्यात?

अमृत : गेल्या साली उचलला. अकराव्या दिवशी बेल्ह्यात प्यालो. सोळाव्या दिवशी सुनीलभाऊ गेला. कळंबवरनं येताना, हायवेला, पावसात. दहाव्याला घाटावर तू काय म्हणालीस? सगळ्या भावकीसमोर?

प्रयागबाई : दुःखात बोलते बाई कायबी.

अमृत : म्हणालीस, "ह्यानं देवाची शपथ मोडली आन देवानं माझा थोरला नेला." त्या दिवसापास्नं रुपालीवैनी मला ताट वाढती, पण माझ्याकडं बघत नाय. तिच्या पोराला, स्वराजला, माझ्या गाडीवर बसू देत नाय. तिची काय चूक? सासूनं सांगितलं, तिनं खरं धरलं.

धर्माजी : हे गटात कधी बोलला नव्हतास.

अमृत : तिथं कसं बोलू, तात्या? तुम्ही म्हणता, देवाच्या हाती दे. कुठल्या देवाच्या? देव हाये असं मानलं, तर माझ्या भावाला मीच मारलंय. देव नाय असं मानलं, तर तो पावसात गाडी घसरून गेला. मला दुसरं मानल्याबिगर जगता येत नाय. एवढीच माझी नास्तिकी. पुस्तकं वाचून आलेली नाय.

प्रयागबाई : म्हणून शपथ घेणार न्हाईस?

अमृत : घेतो. आण ते ताट. पण आधी मला सांग, ह्या वेळेला मोडली तर कोण जाईल? स्वराज?

प्रयागबाई : तोंड धू तुझं! पोराचं नाव घेतोस?

अमृत : मी नाय घेत, आई. तुझा हिशोब सांगतोय. तूच लावलाय तो. सांग, कुणाच्या नावानं उचलू?

धर्माजी : अमृत, बास.

अमृत : हे घेतलं ताट. माझा हात तयार हाये.

प्रयागबाई : ...ठेव. ठेव ते ताट खाली.

धर्माजी : आक्का, बसा तुम्ही. पाणी देऊ?

प्रयागबाई : पाणी नको मला. माझ्याच घरात मला पाणी इचारू नका. ...धर्माजीभाऊ, मघाशी तुमी इचारलं ते घंगाळ कसं चेपलं.

धर्माजी : मी नव्हतं विचारलं. सरळ करतो म्हणालो.

प्रयागबाई : तेच ते. ते माझ्या आईचं. माझ्या भनीच्या घरी व्हतं, कळंबला. तिच्या लेकीच्या हळदीला नेलं आन ठेवून घेतलं. आमचं भांडण झालं. लोकाला म्हणत हिंडायची, "प्रयागीला काय कमी हाय, ती आता मागायची न्हाई." मला झोंबलं. सुनीलला म्हनलं, आत्ताच्या आत्ता जा आन घंगाळ घिऊन ये. त्यो म्हनला, "आई, पाऊस लई हाय, उद्या जातो." मी म्हनलं, उद्या गेलास तर तिला वाटंल आमी इचार करीत बसलो.

अमृत : तू तर म्हणालीस, मावशीनं बोलावून दिलं.

प्रयागबाई : मी म्हनलं तसं. तिच्याशी बोलणं बंद, ती कशाला सांगाया येतीया? गाडीसंगं घंगाळ आलं माघारी, चेपलेलं. दहा दिवस माणसं इचारत व्हती, एवढ्या पावसात कशाला गेला. कुणाला काय सांगू? भांड्यासाठी धाडला म्हणू? तुझी शपथ मोडलेली समद्यांना म्हाईत व्हती. ती सापडली मला. देवाच्या नावावर घातलं की कुणी फिरून इचारत न्हाई.

अमृत : ...वर्षभर, आई.

प्रयागबाई : व्हय. वरीसभर. रोज त्याच घंगाळात अंघोळीचं पाणी काढलं मी.

धर्माजी : आक्का, पाऊस होता. रस्ता होता. तुम्हीपण नाही मारलं त्याला.

प्रयागबाई : तुमी मला समजवू नका. मी तुमच्या गटातली न्हाई.

धर्माजी : बरं.

प्रयागबाई : उद्या बेल्ह्याला ह्याच्यासंगं कोण?

धर्माजी : मी जातो. पहाटे पाचला येतो. कालवड विकली की चहा पिऊन सरळ घरी.

प्रयागबाई : दात बघू द्या गिऱ्हाईकाला, पण शेपटीला हात लावू देऊ नका. लाथ घालती. आन आजची तुमची मीटिंग कितीला?

धर्माजी : पाचला.

प्रयागबाई : मग निघा. अमृत, शर्ट बदल. कालवडीचा वास येतोय.

अमृत : आई, हे मी तिथं बोललो तर चालंल? घंगाळाचं?

प्रयागबाई : बोल, न्हाईतर नको बोलू. तुमचं तिथलं तिथं ऱ्हातं. माझं हितंच सांगाया पायजे.

अमृत : कुणाला?

प्रयागबाई : रुपाली मागं कांदं निवडती. जाता जाता हाक मार तिला. म्हणावं, हातातलं टाक आन आईपाशी येऊन बस.