नव्या गाडीविना अकोल्याला

अमरावतीहून अकोल्यास निघालेल्या बसमध्ये ज्योत्स्नाबाईंनी पुस्तक उघडले खरे. परंतु पुढच्या आसनावरील श्रावणराव व इंदूबाई या वयस्क दांपत्याने त्यांना एकही ओळ धड वाचू दिली नाही.

“तान्ह्या नातीले दवाखान्यातून नव्या गाडीत घरी आणू म्हणून पोरीले सांगतलं, अन् आपण बसमंदी.”

“हिशेब तर आयक, इंदू. घरी चार्जिंग सगळ्यात सस्तं, पण रात्रभर लागते.”

“मंग रात्री लावाची होती.”

“लावली होती. लाइन गेली.”

“हायवेवरच्या हाटेलात मशीन हाये ना?”

“थे लवकर भरते, पण घरच्यापेक्षा तिप्पट घेते.”

“अन् पेट्रोल पंपावर?”

“तिथं सस्तं हाये. पण मोबाइल म्हणते मशीन चालू, अन् पंपवाला म्हणते बंद.”

“खरं कोणाचं?”

“थेच समजून नाई राहिलं. गाडी अकोल्यापर्यंत पुरते. वापस कशी आणाची?”

“अन् नातीले वापस कशी आणाची?”

“टॅक्सीनं.”

“टॅक्सी हाटेलातल्या मशीनपेक्षा सस्ती हाये काय?”

इंदूबाईंनी लेकीला फोन लावला.

“माया, तुह्या दवाखान्यात गाडी चार्ज होते काय? ... बरं. ... होते म्हणते. कालच जावयानं तिथं त्याची गाडी भरली.”

“खर्च किती आला, इचार ना.”

“मी नाई इचारत.”

अमरावतीलगतच्या बडनेऱ्याची पाटी दिसताच श्रावणराव उठले.

“इंदू, पिशवी काढ. बडनेऱ्याले उतरू, घरून गाडी घेऊन येऊ.”