डाव मागे येईना

या स्वयंपाकघराची एकच रीत होती. रांगेत पुढच्याने आपल्याला वाढायचं, आपण पुरे म्हटलं की तोच डाव हातात घेऊन मागच्याला. कारखान्याला टाळं लागल्यापासून सारी वस्ती इथेच रांधायची, इथेच जेवायची. वाफेने खिडक्या धूसर झाल्या होत्या. रिकामं ताट घेऊन शिंपीकाका उभ्याउभ्या पेंगत होते. पुढच्या दोन जावांचं बोलणं त्यांच्या कानावर स्वप्नातल्यासारखं येत होतं.

"जाऊबाई, तुम्ही? मघाशी तर पार दाराशी होतात."

"पाय भरून आले गं. पाच जणांनी पुढे जाऊ दिलं, या शिंपीकाकांनीसुद्धा."

"आणि नेमक्या माझ्याच मागे?"

"जागा मिळाली तिथे उभी राहिले."

"चुली वेगळ्या होऊन अकरा वर्षं झाली."

"बारा."

"हे अजून म्हणतात, वहिनीच्या हातच्या जेवणाची सर कशालाच नाही."

"काहीतरीच! भावजी कधी कुणाला चांगलं म्हणालेत?"

"तुमच्या माघारी म्हणतात."

"कांदा अजून तसाच करपवतेस वाटतं?"

"तुम्हाला कसं कळलं, आज कांदा मी परतलाय ते?"

"दाराशी वास आला."

"म्हणून पुढे आलात? नावं ठेवायला?"

"वाढ आता. लोक खोळंबलेत."

"पुरे म्हणा हं."

"..."

"जाऊबाई, भरलं की ताट. पुरे म्हणा ना."

"..."

मागून कुणीतरी ओरडलं, "काका, रांग का थांबली?"

शिंपीकाकांनी रिकामं ताट छातीशी धरलं.

"घाई कसली आहे? वाढणं चाललंय."