तिसऱ्या मजल्यावरची रिकामी खोली

नाही नाही, बस आधी — उभ्याउभ्या माणूस जास्त खोटं बोलतो, आणि इथं खोटं बोलायचं काम माझं आहे, तुझं नाही. तर अजुआ, राहायचं कार्ड द्यायला परदेशी लोकांच्या कचेरीला पाच वर्षं इथं राहिल्याचा दाखला हवाय, तोही गल्लीच्या मुकादमाच्या, म्हणजे माझ्या सहीचा. बरोबर. या गल्लीत कोण कुठं राहतं ते मीच लिहितो — आणि माझ्या वहीत तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. दरवर्षी लिहिलंय. रिकामी. तुम्ही आबिजानहून आलेले नऊ जण कागदांशिवाय तिथं राहत होता, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. दाराबाहेर चपलांचे नऊ जोड मोजायचो, आणि खाली येऊन रिकामी लिहायचो. नाहीतर पोलिसांची गाडी आली असती आणि तुम्हाला राबातमधून उचलून पार दक्षिणेच्या वाळूत सोडलं असतं. उपकार म्हणून नाही सांगत. तुमची घरमालकीण चहा चांगला द्यायची.

मग ती साथ आली. सगळं बंद — घरामागे एक परवाना, त्यावर एकच नाव, तो खिशात असेल तरच बाहेर पडायचं. ज्यांच्याकडे राहायचं कार्ड होतं त्यांची मुदत सरकारनं आपणहून वाढवली. ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचं काय वाढवणार — दाढी? आणि रिकाम्या खोलीला परवाना देऊ कसा? साहेबांनी मला नावानं हाक मारून विचारलं असतं, सी अरबी, भिंतींना पाव आणायला जायचंय का? म्हणून माझ्या आईचा परवाना तुला दिला. ती तुमच्याच खाली दुसऱ्या मजल्यावर एकटीच, गुडघे गेलेले, कुठं जाणार होती? परवान्यावर नाव हाज्जा बातूल, वय ब्याऐंशी. नाक्यावर पोलिसानं तुला अडवलं, तुझ्या डोक्यावर गॅसची टाकी — त्यानं कागद वाचला, तुला वरखाली न्याहाळलं, म्हणाला, हाज्जा, तब्येत छान ठेवलीय हं. हसू नकोस. मी शेजारीच उभा होतो, मीही हसलो नव्हतो.

तिची औषधं तूच आणायचीस, रोजा सोडायचं हरीरा सूपही तूच करायचीस — ही पोरगी मिरची घालून मला मारणार बघ, असं आई मला फोनवर सांगायची, आणि वाटी निपटून खायची. मी? मी ड्यूटीवर. दिवसभर दारोदार परवाने वाटायचे, आणि म्हाताऱ्यांच्या जवळ जायचं नाही असा हुकूम. रस्त्यावरून हात करायचो, ती खिडकीतून. रमझानचा विसावा रोजा होता. दुपार कलल्यावर आई गेली, तुझ्या मांडीवर. त्या मृत्यूच्या कागदावर एक रकाना असतो — शेवटी जवळ कोण होतं. पेन माझ्या हातात. वहीत तर तू नाहीसच. मी लिहिलं, कोणी नाही.

आता कळलं? तू इथं होतीस असं आज लिहिलं तर वही खोटी ठरते, तो कागद खोटा ठरतो, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेला मुकादमही. नाही लिहिलं, तर... तर माझी आई एकटी मेली. माझ्याच अक्षरात.

दे ते पेन. तुझं नाव एकेक अक्षर सांग, घाई नको. हं. तिसरा मजला. दोन हजार एकोणीसपासून. शिक्का ओला आहे, वाळू दे, घडी घालू नकोस.

जा आता. आणि खाली कुणी विचारलं तर सांग, मुकादम भेटलाच नाही.