झोपेचं तेल

अकोल्याहून बार्शीटाकळीला निघालेल्या एसटीत आचलने कानातली गाणी बंद केली. मागच्या सीटवर एक तेल विकणारी बाई एका म्हातारीच्या पिच्छ्यालाच लागली होती.

"मावशी, अस्सल चंदनाचं तेल हाय. खाज जाते, डोकं थंड राह्यते."

"अन् झोप?"

"दोन थेंब कपाळाले लावा, लेकरासारखी झोप लागते."

"आमच्या वावराच्या धुऱ्यावर चंदनाचीच झाडं हायेत व बाई. ते जून झाले तवापासून आमचा बुढा रातभर काठी घेऊन जागते."

"काहून?"

"चोर कापून नेतेत ना!"

"मंग बुढ्यासाठीच घ्या एक शिशी."

"त्याले नको. तू त्या चोरायले इक. ते झोपले का आमीबी झोपू."