दाबला की वर

नाव: कागदोपत्री जे आहे ते ठाणे अंमलदारांनी ओळखपत्रावरून उतरवून घेतलं आहे, पण त्या नावाने मला कोणी ओळखत नाही. सगळे पक्कड म्हणतात. वय एकोणपन्नास. धंदा मोटरसायकल दुरुस्ती. राहणार बस थांब्याच्या मागे, टायरवाल्याच्या गाळ्याला लागून, गॅरेजवरच्या खोलीत.

मला कोणी बोलावलेलं नाही. आज मंगळवारी सकाळी साडेदहाला आपल्या पायाने ठाण्यात आलो आणि हवालदारांसमोर बसून सांगतो की,

रविवारी दुपारी उताराच्या वळणावर मोटरसायकल अपघातात जी मुलगी मयत झाली ती माझी सख्खी भाची. वय एकोणीस. मोटरसायकलच्या शर्यती खेळायची. लहानपणापासून एका जागी बसणं माहीत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मयत हा शब्द हवालदारांचा आहे. मी भाचीच म्हणणार.

तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दाजींनी, फिर्याद दिली आहे की समोरून आलेल्या ट्रकने तिला उडवलं. ट्रकचालक दोन दिवस कोठडीत आहे. त्याची काही चूक नाही. हे सांगायला मी आलो. पण नुसतं एवढं सांगून कोणी मानणार नाही, म्हणून शुक्रवारपासून सांगतो. हवालदार म्हणाले, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगता आलं असतं तर रविवारीच सांगितलं असतं.

शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही मामा-भाची शर्यतीच्या मैदानाकडे निघालो. अंतर एकशे चाळीस किलोमीटर. वाहन बर्फवाल्याचा टेम्पो. त्याचं मागचं फाळकं दोरीने बांधावं लागतं आणि तळ कायम ओला. टेम्पोत शर्यतीची गाडी, दोन जादा टायर, हत्यारांची पेटी, आणि तिथे पेट्रोल-पाण्यासाठी इकडेतिकडे जायला माझी रोजची जुनी मोटरसायकल. ही जुनी गाडी पुढे महत्त्वाची आहे.

त्या मैदानावर डावीकडे वळणारी दोन मोठी वळणं आहेत. भाची गाडी इतकी आडवी घालायची की डावा बूट जमिनीला घासायचा. आता, तुमच्या-माझ्या गाडीला गिअर वाढवायचा तर चवडा लिव्हरखाली घालून उचलावा लागतो आणि कमी करायचा तर दाबावा लागतो. गाडी डावीकडे आडवी असताना लिव्हरखाली चवडा जातच नाही. म्हणून शर्यतवाले लिव्हरची जोडणी फिरवून घेतात. मग दाबला की वर, उचलला की खाली. आम्ही तिला उलटी गाडी म्हणतो आणि ओळखायला डाव्या मुठीला लाल चिंधी बांधतो. शुक्रवारी साडेअकरा वाजता मी तिची गाडी उलटी करून दिली. अर्ध्या तासाचं काम. माझ्याच हातचं.

दुपारी सरावात ती पडली. वळणातून निघताना वरचा गिअर हवा होता, पायाने जुन्या सवयीने उचलला, गिअर खाली पडला, मागचं चाक जाम झालं. रस्त्यावर काळा नागमोडी डाग उमटला आणि ती बसल्या बसल्या घसरत गवतात गेली. कोपर सोललं, बाकी काही नाही. टेम्पोत येऊन रडायला लागली. म्हणाली, "मामा, सुलटी करून दे. माझा पाय ऐकतच नाही."

मी म्हणालो, "त्याला काय कान आहेत ऐकायला? शिकव की त्याला. आणि आधी नाक पूस."

शनिवारी प्रत्येकाची वेळ मोजून शर्यतीतली जागा ठरवायची फेरी झाली. बावीस जणांत ती अकरावी आली. त्यातही पाय दोनदा चुकला. मग संध्याकाळी सहा ते आठ मी तिला लॉजच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. पायाखाली विटेवर लाकडाची पट्टी ठेवली. मी 'वर' म्हणालो की तिने दाबायचं. तीनशे वेळा करून घेतलं. मध्ये मध्ये मी मुद्दाम जेवणाचं, तिच्या मैत्रिणीचं, कशाचंही बोलत होतो आणि बोलता बोलता 'वर' म्हणत होतो. शेवटी लॉजचा मालक वर आला, "काय हो, भिंत फोडताय की काय?" ती हसून लोळायला लागली. म्हणाली, "मामा, आता मी झोपेतसुद्धा दाबीन."

मी म्हणालो, "तेच पाहिजे. डोक्याला विचारायचंच नाही. शर्यतीत डोकं उशिरा पोचतं."

हे वाक्य माझं आहे. जसंच्या तसं लिहावं.

रविवारी अकराला शर्यत सुटली. दहा फेऱ्या. मी डाव्या वळणाच्या कुंपणापाशी उभा होतो. मला बघायची गरज नसते, आवाजावरून कळतं. प्रत्येक गिअर जिथल्या तिथे पडत होता. एकदाही पाय चुकला नाही. अकरावीची तिसरी आली. पन्नाशीला टेकलेला मी माणूस, कुंपणावर चढून नाचलो. तिला कप मिळाला. कप घेऊन ती पळत माझ्याकडेच आली.

इथे एक गोष्ट सांगायची ती सांगतो. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर खडूने एक नियम लिहिला आहे. उलटीवरून उतरलेला माणूस त्या दिवशी सुलटी गाडी चालवणार नाही. मागे बसेल, नाहीतर चालत जाईल. हा नियम मीच केला. सात वर्षांपूर्वी उलटी गाडी दिवसभर चालवून पाहिल्यावर मी माझ्या गाडीवर बसलो आणि समोरच्या पावाच्या दुकानाच्या शटरमध्ये घुसलो. माझे पुढचे दोन दात खोटे आहेत. ते हवालदारांना काढून दाखवले.

रविवारी एक वाजता आम्ही सामान भरत होतो. दाजी पाणीपुरवठ्याच्या पंपावर दुसऱ्या पाळीला असतात, साडेचारला घर सोडतात. शर्यतीपायी पाच महिने ते पोरीशी एक शब्द बोलले नव्हते. ताट सरकव म्हणायचं तरी माझ्या बहिणीमार्फत. भरलेला टेम्पो सहाच्या आत पोचत नाही. मोटरसायकल तीन तासांत पोचते.

भाची म्हणाली, "मामा, तुझ्या गाडीची चावी दे ना. बाबा निघायच्या आत पोचते. दारात उभं राहून कप त्यांच्या हातात द्यायचाय. बघू मग कसे बोलत नाहीत."

मी म्हणालो, "नियम माहीत आहे ना?"

"तू केलायस, तूच मोड की. आणि मागे बसू तर कोणाच्या? टेम्पो तर तूच चालवणार."

नियम मला आठवला होता. विसरलो असं सांगितलं तर सुटेन कदाचित, पण खोटं कशाला सांगू? "आज कसला आलाय नियम," असं मी माझ्या तोंडाने म्हणालो आणि चावी फेकली. तिने एका हाताने झेलली. कप पाठीवरच्या पिशवीत घातला, हेल्मेट घातलं, पट्टा लावला. मी म्हणालो, "सावकाश जा." ती म्हणाली, "हो रे बाबा." लाल चिंधी शर्यतीच्या गाडीला होती आणि ती गाडी टेम्पोत होती. सुलटीला चिंधी नसते. तिला आठवण करून देणारं समोर काहीच नव्हतं.

मी दहा मिनिटांनी निघालो. दोन वाजून दहा मिनिटांनी उताराच्या वळणावर गर्दी दिसली. विटांचा ट्रक रस्त्याबाहेर खड्ड्यात तिरका गेला होता, विटा रस्ताभर झाल्या होत्या. भाची ट्रकच्या पुढच्या चाकाशी होती. मी तिचं हेल्मेट काढलं नाही, काढायचं नसतं. हाक मारली. ती बोलली नाही. याबद्दल जास्त सांगत नाही.

ट्रकचालकाला पाच-सहा जणांनी धरलं होतं. त्याच्या डोक्यातून रक्त येत होतं आणि तो एकच बोलत होता, "ती आधीच पडली होती हो. मी गाडी खड्ड्यात घातली तरी घसरत आली." कोणी ऐकत नव्हतं. मारत होते. मी बघत होतो.

रुग्णवाहिका येईपर्यंत मी रस्ता पाहिला. ट्रकपासून वर एक्केचाळीस पावलांवर काळा नागमोडी डाग होता, मागच्या चाकाचा, रस्त्याच्या तिच्याच बाजूला. शुक्रवारी पाहिलेलाच डाग. पडलेल्या गाडीचा गिअर पाहिला, तो दुसऱ्यात होता. तिथे गाडी चौथ्यात असते. उतारावर तिला पाचवा हवा असणार. तिने दाबला. गाडीने आचका दिला. गिअर पडला नाही असं वाटून पुन्हा दाबला. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, आणि चाक जाम. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मी शटरमध्ये घुसलो तेव्हा मीही दोनदाच दाबला होता.

तीन वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. चार वाजून वीस मिनिटांनी मी दाजींना फोन केला. ते कामाचे कपडे घालून निघतच होते. त्यांनी विचारलं, "कशाने?" मी म्हणालो, "ट्रक." एवढा एकच शब्द. फिर्याद त्या शब्दावर उभी आहे. तो शब्द मी आज परत घेतो.

काल सगळं आटोपल्यावर दाजी लोकांना सांगत होते, "माझी पोरगी गाडीवरून पडणं शक्यच नाही. तिच्यासारखं चालवणारं कोणी नाही." पाच महिने ज्या बापाने तोंड उघडलं नाही तो हे बोलत होता. ते ऐकायला ती हवी होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं. आज सकाळी गॅरेज उघडलं तर समोर भिंतीवर माझंच अक्षर. मग हत्याराला हात लागेना. शटर ओढलं आणि इथे आलो.

जप्त गाडी ठाण्याच्या आवारात आहे. ती अजून दुसऱ्या गिअरमध्येच असेल. दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीला बोलावून तपासावी, मी हात लावणार नाही. रस्त्यावरचा डाग पुसायच्या आत मोजून घ्यावा.

पंचनाम्यात 'चेपलेलं पितळी भांडं, एक' असं लिहिलं आहे. ते भांडं नाही, कप आहे. तिसऱ्या नंबरचा. तसं लिहावं आणि काम झाल्यावर दाजींच्या हातात द्यावा.

हवालदारांनी जबाब सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'पायाच्या चुकीमुळे' असं आलं होतं, ते मी खोडायला लावलं. पायाने चूक केली नाही. तीन दिवस मी शिकवलं तेच त्याने केलं. चूक लिहायचीच तर माझ्या नावापुढे लिहा. बाकी सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे, कोणी दबाव आणलेला नाही. सही केली. ती ओळखपत्राशी जुळली नाही, म्हणून अंगठाही दिला.

बाहेर बाकावर माझी बहीण बसली आहे. तिला वाटतं मी ट्रकवाल्याविरुद्ध साक्ष द्यायला आलो आहे. हा जबाब तिलाही असाच सावकाश वाचून दाखवावा. माझ्या तोंडून निघणार नाही.