दादांच्या लॉगिनमधली फाईल

(दादा ऑपरेशन थिएटरबाहेर स्ट्रेचरवर, फोन स्पीकरवर. पलीकडे रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षातली त्यांची ज्युनियर.)

ज्युनियर : ...वीज बाराला जाणार म्हणजे जाणार, दादा. बॅकअपची बॅटरी मेलेली. त्याआधी मीच मशीन एकदा बंद करून चालू करते. गाड्यांचं ॲप आपोआप उठतंय का, कळू दे.

दादा : आणि नाही उठलं तर? नऊ गाड्या रस्त्यावर आहेत. पेशंटचा पत्ता ड्रायव्हरला त्याच पानावर दिसतो.

सिस्टर : काका, फोन द्या. डॉक्टर हात धुताहेत.

दादा : धुवू दे, सिस्टर. हृदय माझंच आहे, कुठे पळत नाही.

ज्युनियर : चार वर्षं तुम्ही ते हाताने सुरू करताय. काळ्या खिडकीत आज्ञा द्यायची आणि खिडकी उघडी ठेवून घरी जायचं. कोणी चुकून बंद केली की सगळं ठप्प, मग तुम्हाला फोन. आज फोन कोणाला करू? म्हणून ॲपची सर्व्हिस बनवलीय, आपोआप सुरू होणारी. मशीन चालू झालं की लिनक्सच ॲपला उठवेल.

दादा : मला न विचारता?

ज्युनियर : तीनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, चाललंय ना, मग कशाला हात लावतेस.

दादा : आत्ताही तेच म्हणतोय. थांब.

ज्युनियर : ड्रायव्हरांना वायरलेसवर राहायला सांगितलंय. केलं रीस्टार्ट.

सिस्टर : काका, नाडी बघा तुमची.

ज्युनियर : मशीन आलं. ॲप... नाही आलं. सेटिंगची फाईल सापडत नाही म्हणतंय. सकाळी तपासलं तेव्हा तर नीट चाललं होतं!

दादा : सकाळी माझं लॉगिन चालू होतं. फाईल माझ्या फोल्डरमध्ये आहे. त्याला कुलूप आहे, मी लॉगिन केल्यावरच उघडतं.

ज्युनियर : तिथे कशाला ठेवलीत?

दादा : ...मुद्दाम.

ज्युनियर : म्हणजे?

दादा : नव्या साहेबांनी आल्या आल्या तिघांना घरी बसवलं. म्हटलं, माझ्यावाचून हे चालायलाच नको. मग मला कोण काढतंय? आणि बंद पडलं तर मी वीस मिनिटांत पोचायचो, पोचायचो ना?

ज्युनियर : एकदा चाळीस लागली, दादा. फोनवर मी होते. ती बाई सारखी विचारत होती, गाडी कुठवर आली. मला दिसतच नव्हतं.

दादा : माहीत आहे. वाचला तिचा नवरा.

ज्युनियर : वाचला म्हणून आपण बोलतोय. पासवर्ड सांगा.

दादा : कागद घे. सिस्टर, जरा तिकडे बघा.

सिस्टर : सांगा हो लवकर, मला काय करायचंय त्याचं!

ज्युनियर : ...लिहिला. उघडलं. फाईल सर्व्हिसजवळ नेली, सर्व्हिसमध्ये फाईलची नवी जागा टाकली. तुमचं लॉगिन बंद केलं. पुन्हा रीस्टार्ट.

सिस्टर : काका, आता खरंच आत घ्यायचंय.

दादा : मिनिटभर. पाया पडतो तुमच्या.

ज्युनियर : मशीन आलं... आलं, दादा. नऊच्या नऊ गाड्या दिसतायत.

दादा : लॉगिन कोणाचं आहे?

ज्युनियर : कोणाचंच नाही.

दादा : बरं झालं. मग माझं लॉगिन काढूनच टाक आता.

ज्युनियर : ते तुम्ही येऊन काढायचं.