कार्डाखालचा टेकू

शिरूर पोलीस ठाणे
दि. १८ नोव्हेंबर २०२५

मी, चांगदेव बाबुराव रणपिसे, वय ५६ वर्षे, धंदा नोकरी, लेथ ऑपरेटर, रा. कारेगाव, ता. शिरूर, मूळ रा. केडगाव, ता. दौंड, जि. पुणे, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी सोजरबाई हिच्यासह राहतो. आमची मुलगी भाग्यश्री ऑगस्ट महिन्यात तापाने मयत झाली. तिचा अंत्यविधी केडगाव येथे झाला. मयत भाग्यश्रीचा धंदा यंत्रांची हलती थ्रीडी चित्रे तयार करण्याचा होता. यंत्र आतून कसे चालते ते चित्रात दिसते. सणसवाडीतील कारखान्यांची कामे ती घरून करत असे.

या कामाला कॉम्प्युटरमध्ये मोठे ग्राफिक्स कार्ड लागते. चित्र तयार करण्याचे काम तेच करते. कॉम्प्युटर घेण्यापूर्वी भाग्यश्रीने निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे बरेच दिवस ताडून पाहिली. तिने मला सांगितले होते की, नाव आणि आकडा एकच असला तरी कार्ड एक नसते. तयार कॉम्प्युटरमध्ये काही कंपन्या त्याच नावाचे आखूड, एका पंख्याचे कार्ड बसवतात. ते तापले की मंद होते. लॅपटॉपमध्ये त्याच नावाच्या कार्डाला वीज कमी देतात. म्हणून तिने तीन पंख्यांचे लांब कार्ड निवडले व कॉम्प्युटर स्वतः जोडला. पुढे एका कारखान्याने आपल्या डिझाईन विभागाचे कॉम्प्युटर तिला विचारून घेतले. त्या दिवशी तिला न्यायला कारखान्याची गाडी आली होती.

लांब कार्ड वजनाला जड असते व एका टोकाला अडकवलेले असते. भाग्यश्री मला म्हणाली, "पप्पा, ह्याला खालून टेकू पाहिजे, न्हाईतर पाठ वाकंल त्याची."

मी म्हणालो, "माप दे."

ती म्हणाली, "माप तुम्हीच घ्या. माझं माप तुम्ही परत मोजणारच."

मी पाळी सुटल्यावर आमच्या कारखान्यातील साहेबांना विचारून लेथवर ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा टेकू करून दिला. कार्डाला चरा पडू नये म्हणून डोक्यावर गोल रबर लावले. तो बरोबर बसला.

भाग्यश्रीच्या मागे एका यंत्राचे चित्र अर्धवट राहिले. तिच्यासोबत काम करणारी आयेशा फकीर तांबोळी, रा. शिरूर, हिने ते पुरे करून देते असे सांगितले. चित्राच्या शेवटी करणाऱ्याचे नाव येते. ते भाग्यश्रीचेच राहील, असेही तिने कारखान्याकडून कबूल करून घेतले. कॉम्प्युटर बरेच दिवस बंद असल्याने मी तो साफसफाईसाठी शिरूर येथील हृतिक याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दिला व चार दिवसांनी घरी आणला.

काल आयेशा कामाला बसली. चित्र पुढे सरकेना. ती म्हणाली, "काका, ही तिची मशीन नाही वाटत." मी बाजूचे झाकण काढले. आत टेकू उभा होता. त्याच्यावर काही नव्हते. कार्ड टेकूच्या अलीकडेच संपत होते. सोजरबाईनेही पाहिले.

आम्ही कॉम्प्युटर घेऊन दुकानात गेलो. हृतिक म्हणाला, "आबा, पोरगी गेल्यापास्नं तुमचं चित्त ठिकाणावर न्हाई. कार्डावरचं नाव वाचा की. त्योच आकडा हाय."

मी म्हणालो, "वाचला. आकडा त्योच हाय."

"मग झालं की."

"मग हा टेकू कुणाला दिलाय?"

तो म्हणाला, "त्यो कॅबिनेटसंगच येतो. कंपनीचा हाय."

मी म्हणालो, "न्हाई. त्यो मी केलाय."

त्यानंतर आम्ही पोलीस ठाण्यात आलो. आज पंचांसमक्ष दुकानाच्या कपाटात त्याच नावाची दोन लांब कार्डे मिळाली. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची असून एकाची जाडी जास्त आहे. प्रत्येक कार्ड आमच्या कॉम्प्युटरमध्ये बसवून पाहिले. जाड कार्डाखाली टेकू शिरला नाही. दुसऱ्याखाली फट न राहता बसला. त्या कार्डाच्या खालच्या बाजूस रबराचा गोल ठसाही आहे. ते कार्ड माझ्या मुलीचे आहे. मी ते ओळखले.

हृतिक पंचांना म्हणाला, "मला खरंच कंपनीचा वाटला. कडा बघा की त्याच्या, किती साफ हायेत." आयेशाने माझ्याकडे पाहिले.

माझी हृतिकविरुद्ध तक्रार आहे. कार्ड लवकर ताब्यात मिळावे, म्हणजे मुलीचे काम तिच्या नावाने पुरे होईल, अशी विनंती आहे.

हा जबाब टंकलिखित करून मला वाचून दाखवला. वाचताना "मयत मुलीस कॉम्प्युटरचा छंद होता" असे वाक्य आले. मी तसे सांगितले नव्हते. ठाण्यातील साहेबांनी ते खोडून वर "मयत भाग्यश्रीचा धंदा" असे घातले व खोडलेल्या जागी माझी सही घेतली. आता सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

चां. बा. रणपिसे